वरच्या पाड्यात पाहण्यासारखं काही नाही

आमच्या पाड्याचा झरा माझ्या तोंडामुळे गेला, असं म्हणणारी माणसं अजून जिवंत आहेत. त्यातली दोघं-तिघं सिल्व्हर पार्कमधल्या माझ्या गाळ्यावरूनच मासळी नेतात आणि नेताना पापलेटाचे कल्ले उघडून दोनदा बघतात. बघू देत. मी कधी कुणाला शिळी मासळी दिलेली नाही, आणि त्या दिवशी मी जे बोलले ते माझ्या एकटीच्या मनानं बोलले नाही. पण सगळ्यांनी मिळून ठरवलेली गोष्ट निभावली की सगळ्यांची असते, आणि अंगाशी आली की जिनं तोंड उघडलं तिची होते. म्हणून हे मीच लिहून ठेवतेय. दुसऱ्या कुणी लिहिलं तर त्यानं काय ठेवलं आणि काय गाळलं, हे मला तपासत बसावं लागेल.

वरचा पाडा म्हणजे डोंगराच्या अंगाला चिकटलेली बावीस घरं. आम्ही कोळी, होड्या खाली किनाऱ्याला, आणि राहायचो मात्र वर. समुद्रातून लुटारू यायचे म्हणून पूर्वजांनी घरं वर नेली, अशी बाबांची समजूत होती. आई म्हणायची, पाणी वर होतं म्हणून. मला आईचं पटतं. खालच्या विहिरींचं पाणी मचूळ, डाळ शिजायची नाही त्यात. वर मात्र खडकाच्या भेगेतून पाणी यायचं आणि दगडात कोरलेल्या चौकोनी टाक्यात पडायचं, बारा महिने, मे महिन्यातसुद्धा. टाक्यावर एक कोरलेला दगड होता. कमरेवर घागर घेतलेली बाई. पिढ्यान् पिढ्या हळद-कुंकू लावून तिचे नाक-डोळे झिजून गेले होते. आम्ही तिला घागरवाली म्हणायचो. नवी होडी पाण्यात लोटायच्या आधी तिच्या पुढच्या टोकावर या टाक्यातली घागर रिकामी करायची. पाड्यात आलेल्या सुनेनं पहिलं पाणी इथलंच भरायचं. किनाऱ्यापासून टाक्यापर्यंत काळ्या दगडाच्या त्र्याण्णव पायऱ्या. डोक्यावर घागर असताना मोजल्यात मी त्या, त्यामुळे आकड्यात चूक नाही.

घर दोन खोल्यांचं, दगडाचं, दार इतकं बुटकं की बाबा सवयीनं अंगणातसुद्धा वाकून चालायचे. सकाळी जाग यायची ती टाक्यावर घागरी आपटल्याच्या आवाजानं, मग पाट्यावर वरवंट्याची घरघर, आणि या सगळ्याच्या खाली समुद्र. तो ऐकू येतोय हे तो थांबल्याशिवाय कळायचं नाही, आणि तो थांबायचा नाही. आई सुका बोंबील निखाऱ्यावर भाजून हातानं चुरायची, त्यात कच्चा कांदा आणि कैरी, बरोबर तांदळाची भाकरी. आज माझ्या घरी दोन फ्रिज आहेत. त्यातला कुठलाही पदार्थ मला त्या बोंबलासारखा लागत नाही, पण हे मी सुनेला सांगत नाही. ती त्यातून भलताच अर्थ काढेल.

आमच्यात एक रीत होती, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. होडी किनाऱ्याला लागली की कुणी ना कुणी विचारायचंच, "काय गावलं?" होडी मासळीनं वाकलेली असली तरी उत्तर एकच. "काय न्हाय." आणि पाटीवर ओलं गोणपाट. विचारणाऱ्यालाही माहीत असायचं की आहे, सांगणाऱ्यालाही माहीत असायचं की त्याला माहीत आहे. तो हसायचा, चार पावलं जायचा, परत यायचा, गोणपाटाचा कोपरा उचलायचा. मग बोलणं सुरू. "काय न्हाय" हा नकार नसतो, ती सुरुवात असते. आजही कुणी धंदा कसा चाललाय विचारलं तर माझ्या तोंडून तेच येतं. माझा मुलगा याला खोटं बोलणं म्हणतो. तो स्वतः रोज काय जेवला त्याचा फोटो सगळ्या जगाला दाखवतो, त्याला काय कळणार.

मी चौदा-पंधरा वर्षांची असेन तेव्हाची गोष्ट. आदल्या वर्षी तीन माणसं येऊन डोंगराच्या पायथ्याशी दगडांवर चुन्यानं खुणा करून गेली होती. कुठून आली, का आली, कुणी सांगितलं नाही. पावसानं चुना धुऊन गेला, पण पाड्याच्या मनातून गेला नाही. अशात मे महिन्यात एक बाई आली. कुमुदबाई तिचं नाव. तिशीची, चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, पायात बंद बूट. पायऱ्यांच्या तळाशी आई सुके बोंबील घेऊन बसायची. बाईनं विचारलं, "कसे दिलेत?" आईनं सवयीनं दुप्पट सांगितले. बाईनं पर्स उघडली आणि तेवढे दिले.

आई त्या नोटांकडे बघतच राहिली. मग माझ्याकडे तोंड करून हळूच म्हणाली, "हिरू, ही बाय सरकारी हाय. भाव न करता घेनारं मानूस येक तर सरकारी, न्हायतर चोर."

बाई म्हणाली, ती किनाऱ्यावरच्या जुन्या गावांवर पुस्तक लिहितेय. कुठे काय बघण्यासारखं आहे, लोक काय रांधतात, सण कसे करतात, सगळं. तिचा नवरा जहाजावर इंजिनीअर होता, त्यामुळे ती दोन वर्षं ग्रीस नावाच्या देशात राहून आली होती. पिशवीतून तिनं फोटोंचा अल्बम काढला. डोंगरातलं एक गाव. दगडाची घरं एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी, छपरांवरही दगडाच्याच चपट्या फरश्या, मधे चौक, चौकात भलंमोठं चिनाराचं झाड आणि झाडाखाली झरा. पाणी दगडी सिंहाच्या तोंडातून पडत होतं. दुसऱ्या फोटोत एकाच कमानीचा दगडी पूल, त्यावरून खेचरं. तिसऱ्यात काळे कपडे घातलेली म्हातारी, दारात बसून सूत काढत होती, आणि हातावर माझ्या आजीसारख्याच शिरा. "तिथे पाहुणा आला की आधी चमचाभर मुरंबा आणि ग्लासभर झऱ्याचं पाणी देतात," बाई म्हणाली. "मग नाव विचारतात. लांबलांबून लोक हे गाव बघायला येतात. मला खालून तुमच्या पायऱ्या दिसल्या आणि हेच आठवलं."

आईनं अल्बम बघितला, सगळा, पानं उलटून. मग विचारलं, "आनि ही बघाय येनारी मानसं परत जातात?"

"जातात की."

"सगली?"

बाई हसली. "बहुतेक सगळी."

बाई उद्या येते म्हणून गेली. ती वळणाआड गेल्याबरोबर आई उठली. "ऐकलंस? बहुतेक म्हनाली." आणि बोंबलाची पाटी तशीच टाकून ती धर्मा पाटलाकडे गेली.

धर्मा पाटील म्हणजे आमच्या पाड्याचा शब्द. त्याच्या ओट्यावर सगळे जमले. कुणी म्हणालं, बाई साधी दिसते. पाटील म्हणाला, "गळाला लावलेली कोलंबी पन साधीच दिसते. आज बाय बघून जाल, उद्या सायब येल, परवा पाइप येल. किनाऱ्यावर गोड पानी कुनाला नको? मंग आपन आपल्याच टाक्यावर रांगेत." चुन्याच्या खुणा सगळ्यांना आठवल्या. कुणी त्याच्याविरुद्ध बोललं नाही. ठरलं ते असं, की होडी आल्यावर सांगतो तेच सांगायचं. काय न्हाय. आणि बाईबरोबर फिरायला हिरूला पाठवायचं. "तिच्या तोंडातून खरं काढाय गळ पुरनार न्हाय, जाळंच लागंल," पाटील म्हणाला आणि सगळे हसले. मी फुगले. मला वाटलं हे माझं कौतुक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाड्यानं स्वतःला गोणपाटाखाली घातलं. खालून जाळी आणून पायऱ्यांवर पसरली. घागरवालीवर फाटकं शीड टाकलं. टाक्यासमोर करवंदीच्या काटेरी फांद्या रचल्या. घागरी घरात, दारांच्या कोरीव चौकटींवर गोण्या लटकावल्या, जणू दुरुस्ती चालू आहे. सगळं झालं तरी पाणी पडल्याचा आवाज येतच होता. आवाज कसा झाकणार? धोंडीकाकू म्हणाली, धारेखाली गोणपाटाची गुंडाळी ठेवा, पाणी त्यावरून गपचूप घसरेल. आत शिरण्याएवढी बारीक मीच होते. काट्यांमधून घुसले, टाक्यात उतरले, गुंडाळी दाबून बसवली. पाणी गप्प झालं. बाहेर आले तेवढ्यात खालून हाक आली, "हिरू, बाय आली गो!" मी परकर पिळला आणि धावत गेले.

बाई जाळ्यांवरून पाय उचलून उचलून चढत होती. "एवढ्या वर जाळी सुकवता?"

"खाली जागा न्हाय."

खाली अख्खा किनारा मोकळा दिसत होता. तिनं तिकडे बघितलं, मी बघितलं नाही.

"पायऱ्या जुन्या दिसतात."

"मागल्या साली टाकल्या."

"आणि ते शिडाखाली?"

"तुटका पाटा हाय. काय न्हाय त्याच्यात."

"पाणी कुठून आणता?"

"खालच्या हिरीतून. वर पानी न्हाय."

ती थांबली. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग खाली माझ्या पायांकडे. मला वाटलं, बाईचा डोळा माझ्या चांदीच्या तोरड्यांवर आहे. मी पाय मागे घेतला. तिनं वहीत काहीतरी लिहिलं, आणि वही तिरकी धरली होती, म्हणजे मला दिसू नये अशी. बघा, मी मनात म्हटलं, चोरच आहे.

उन्हानं तिचं तोंड लाल झालं होतं. मी तिला आमच्या ओट्यावर आणलं, कारण न आणणं जास्त विचित्र दिसलं असतं. तिनं पदरानं मान पुसली आणि आईला म्हणाली, "वहिनी, थोडं पाणी मिळेल?"

कोपऱ्यात माठ भरलेला होता. पहाटे टाक्यावरून आणलेलं, वाळा घातलेलं. त्याचा गारवा मला बसल्या जागी पायाला लागत होता. मी उठले, तर आईनं नुसत्या डोळ्यांनी मला खाली बसवलं. ते पाणी दिलं असतं तर एका घोटात सगळं उघडं पडलं असतं. भांडी घासायला खालच्या विहिरीचं पाणी बादलीत ठेवलेलं होतं. आईनं त्यातलं पेलाभर दिलं. कोमट आणि मचूळ. बाईनं एक घोट घेतला, थांबली, आणि मग आईकडे बघत सगळा पेला संपवला. तोंड वाकडं केलं नाही. "बरं वाटलं," म्हणाली.

बाई गेली. पाड्यात आनंदीआनंद झाला, पाटलानं मला घरी बोलावून सुरमईचा सगळ्यात जाड तुकडा वाढला. आई मात्र तो पेला किती तरी वेळ घासत बसली होती. दिवसभर तिनं माठातलं पाणी घेतलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तहान न्हाय." आमच्या घरात कुणाला कधी पाणी नाकारलेलं नव्हतं. भांडणाऱ्यालासुद्धा आधी पाणी द्यायचं, मग भांडायचं.

पुढची वर्षं मी पटकन सांगते, कारण ती माझ्या एकटीची आहेत. लग्न झालं, भाईंदर पूर्वेत दारोदार पाटी फिरवली, पायरीवर बसून मासळी विकली, मग ओटा, मग गाळा, मग दुसरा गाळा. कुणी हात दिला नाही, आणि ज्यांनी देऊ केला त्यांच्या हातात काय आहे ते मी आधी बघितलं. दरम्यान पाडा रिकामा होत गेला आणि एक दिवस कळलं, डोंगराची ती बाजू एका बिल्डरनं घेतली. झऱ्यासाठी आम्ही सगळे एकत्र आलो. कचेरीत सुनावणी झाली. साहेबानं विचारलं, टाकं जुनं आहे, गावाचं आहे, याला लेखी काही? आमच्याकडे आठवणी होत्या. बिल्डरच्या वकिलाकडे पुस्तक होतं. किनाऱ्यावरच्या जुन्या गावांचं. प्रत्येक गावाला दहा-दहा पानं, देवळं, विहिरी, लग्नाची गाणी, कालवणं. आमच्या वाट्याला दोन ओळी. वकिलानं त्या चष्मा सारखा करून सावकाश वाचल्या. "वरच्या पाड्यात पाहण्यासारखं काही नाही. पाण्याचीही सोय नाही."

कचेरीच्या जिन्यावरच धर्मा पाटलाचा मुलगा म्हणाला, "हिरूमावशीनंच सांगितलं होतं ना तिला?" मी त्याला काय ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. पण त्या दिवसापासून माझ्यामागे ते लागलं ते लागलं.

आणि मी धरून बसले त्या बाईला. आम्ही खोटं बोललो, मान्य. पण पुस्तक लिहिणाऱ्यानं डोळे उघडे ठेवायला नकोत? पत्ता काढायला मला दोन महिने लागले. ती मुंबईहून केव्हाच भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीत राहायला आली होती. माझ्या गाळ्यापासून रिक्षानं दहा मिनिटं. गेल्या वर्षी एका दुपारी मी तिच्या दारात उभी राहिले. दार उघडलं ते काठी टेकत. पंच्याहत्तरीच्या पुढची म्हातारी, चष्मा तसाच.

"मी हिरू. वरच्या पाड्यातली."

ती क्षणभर बघत राहिली. मग आत गेली आणि एका ताटलीत चमचाभर मोरावळा आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली. मी हात लावला नाही. म्हटलं, "आधी उत्तर द्या. तुमच्या दोन ओळींनी आमचा झरा गेला."

तिला सुनावणीचं काहीच माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं, जरा मोठ्यानंच. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडून बंद झालं. ती ऐकून उठली, कपाटातून एक वही काढली आणि पान शोधून माझ्यापुढे धरली. माझा या असल्या वेळेवर सापडणाऱ्या कागदांवर विश्वास नाही. मी आधी शाई बघितली, फिकी पडलेली होती. टाचणीचा गंज दोन पानं खाऊन गेला होता. मग वाचलं.

"मुलगी म्हणते, वर पाणी नाही. तिच्या परकराचा काठ ओला आहे, पायाला शेवाळ. जाळ्यांखाली पायऱ्या त्र्याण्णव. शिडाखाली मूर्ती असावी, कुंकवाचा डाग बाहेर आलाय. झरा उजवीकडे, काट्यांमागे. यांना सांगायचं नाहीये. छापायचं नाही."

त्याखाली पेन्सिलीनं टाक्याचं चित्र होतं. न बघता काढलेलं, आणि जवळपास बरोबर.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग काही नाही असं का लिहिलंत?"

"पाडा नुसता वगळला असता तर कुणीतरी शोधत आलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही एवढं झाकलंत, मला वाटलं आपणही झाकावं. तुमची वस्तू. तुम्ही नाही म्हणालात."

माझा आवाज चढला. "बाई, 'काय न्हाय' म्हणजे नाही होय? पहिल्याच शब्दाला उठून जातं का कुणी? हसायचं, चार पावलं जायचं, परत यायचं, गोणपाट उचलायचं! आम्ही सगळे वाट बघत होतो, तुम्ही परत यायची. तुम्ही आलाच नाहीत."

हे मी बोलले आणि मलाच नवल वाटलं. कारण पाड्यात कुणी असं कधी बोललं नव्हतं. पण ती गेल्यावर आठवडाभर आई पायऱ्यांच्या तळाशी बसून वळणाकडे बघायची, हे मला तेव्हाच आठवलं.

ती काठीची मूठ चोळत म्हणाली, "मला घासाघीस कधी जमलीच नाही गं."

मी वही मिटली. मग मी विचारलं, "ते मचूळ पाणी सगळं का प्यायलात?"

"तुझी आई बघत होती."

मी ग्लास उचलला. मशीनचं पाणी, चव नसलेलं. सगळं प्यायले. निघताना वही मागितली. मागण्याआधी मनात तयारी केली होती, ती नाही म्हणेल, मग मी काय म्हणेन, कुठे हटेन आणि कुठे नाही. तिनं एका शब्दात देऊन टाकली. मला अजून वाटतं, त्यात काहीतरी असणार. पण सापडत नाही.

सुनावणीचा निकाल केव्हाच बिल्डरच्या बाजूनं लागून गेलाय, वही आता कुणाच्या कामाची नाही. टाक्याच्या जागी आता टॉवर आहे, त्याचा वॉचमन माझ्याकडून मांदेली नेतो. तो सांगतो, तळमजल्याखाली कुठून तरी पाणी येतं, किती सिमेंट ओतलं तरी थांबत नाही, रोज पंप लावून गटारात सोडावं लागतं. "मीठा पानी है, मौसी," म्हणतो. मी विचारते, तुला काय माहीत? तो म्हणतो, चाखून बघितलं.

त्या दोन ओळी पुस्तकात आहेत तशाच राहणार. म्हणून माझ्या ओळी इथे. वरच्या पाड्यात पाणी होतं. त्र्याण्णव पायऱ्या चढून गेलं की उजव्या हाताला. गोड होतं, आणि मागणाऱ्या एका माणसाला आम्ही ते दिलं नाही.